कूलरसमोरची कसरत

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की जळगावच्या मेहरूण तलावाची फेरी उन्हं चढायच्या आत उरकावी लागते. ज्यांना ते जमत नाही, त्यांना घरात टीव्हीसमोरचे व्यायामाचे व्हिडिओ गेम पुरतील का?

जपानी संशोधकांनी २०१० साली निन्टेन्डो वी या गेम कन्सोलवरच्या खेळांत किती ऊर्जा खर्च होते ते मोजलं. स्वस्थ बसताना खर्च होणारी ऊर्जा म्हणजे १ मेट. गोल्फ २, टेनिस ३, बॉक्सिंग ४.२. म्हणजे बॉक्सिंग झपझप चालण्याच्या तोडीचं, गोल्फ मात्र नावालाच. त्यात पळवाटही आहे. हातातल्या रिमोटमधला सेन्सर मनगटाचा झटका ओळखतो. पाय हलले का, हे त्याला कळत नाही. सोफ्यावर लोळूनही टेनिस जिंकता येतं, आणि पोरांना हे आपल्याआधी कळतं!

आता आपला खानदेशी प्रश्न: कूलर. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून घाम चटकन वाळतो आणि अंग थंड होतं. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत दमटपणा साठतो, घाम नुसता निथळत राहतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. तेव्हा खेळताना कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी, आणि कूलर बंद पडला तर खेळ तिथेच थांबवायचा.