बिडाचा तवा आणि मुलांचे रक्त

रक्तक्षय झालेल्या मुलाला लोहाचे औषध लिहून देताना मी आईला हमखास विचारतो, "घरी बिडाचा तवा आहे का?" आपल्या बेळगावात उत्तर बहुधा ठरलेले असते, "आहे हो डॉक्टर, पण गंजतो म्हणून माळ्यावर टाकलाय."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण होय. इथिओपियातील मुलांचा एक अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ॲल्युमिनियमच्या भांड्यांपेक्षा लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढले होते. तेव्हा माळ्यावरचा तवा खाली काढणे इष्ट.

गंज चढला असल्यास तो तारेच्या घासणीने खरवडावा, तवा धुऊन आचेवर कोरडा करावा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा व निवू द्यावा. असे तीन-चार वेळा केले की तापलेल्या तेलाचा काळा, गुळगुळीत थर बसतो. तेल जास्त झाल्यास तो चिकट होतो. आंबोळी घालण्यापूर्वी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याची आपली रीत याच थराची निगा राखते.

रोज वापरानंतर तवा कोमट असतानाच काथ्याने धुवावा. सौम्य साबण थोडा लागला तरी बिघडत नाही. मात्र तवा पाण्यात भिजत ठेवू नये. पुसून, मंद आचेवर सुकवून तेलाचे बोट फिरवावे. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतल्यास ते तडकते. आंबट पदार्थांत लोह अधिक उतरते, पण वरचा थरही निघतो. म्हणून आंबट रस्सा शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावा.

गंजाने धनुर्वात होतो, ही भीती अनेक पालकांना वाटते. धनुर्वात जखमेत शिरणाऱ्या जंतूंमुळे होतो. तव्यावरच्या गंजामुळे नव्हे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. तवा हा औषधाला पर्याय नव्हे. लोहाचे औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्यावेच. आणि थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या मुलाच्या शरीरात आधीच लोह साचत असते. त्याचे अन्न लोखंडी भांड्यात शिजवू नये. इतरांच्या घरी मात्र हा तवा रोज चुलीवर चढावा.