तीन कॅमेऱ्यांतून एक

माझ्या मसाल्याच्या डब्यात सध्या हळद-मोहरी नाही, स्क्रू आहेत. सात वाट्यांत सात जागचे. पहिल्या वाटीत वरच्या झाकणाचे, दुसरीत कॅसेटच्या दाराचे, तिसरीत आतल्या पाटीचे... ही युक्ती माझीच. ह्यांना सांगितली तेव्हा हे हसले. पॅरालिसिसनंतर बऱ्याच दिवसांनी असे मोकळे हसले.

आमचा चिपळूणच्या बाजारपेठेत फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ होता. १९९४ मध्ये माझ्या पाटल्या गहाण टाकून ह्यांनी पहिला कॅमेरा घेतला, तोही सेकंडहँड. खांद्यावर घ्यायचा, अख्खी व्हीएचएस कॅसेट पोटात घेणारा. पाटल्या दोन वर्षांनी सोडवल्या, पण कॅमेऱ्याला हे कायम ‘लक्ष्मी’च म्हणत. पुढे त्याच मॉडेलचे आणखी दोन आले. २००० साली छोट्या कॅसेटचा डिजिटल कॅमेरा आला आणि तिघेही माळ्यावर गेले.

२०१९ मध्ये ह्यांचा उजवा हात गेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं आणि नवे कॅमेरे, कॉम्प्युटर, व्हीसीआर, सगळं चिखलात गेलं. चिखल उपसून झाल्यावर हातात राहिलं काय, तर घरच्या माळ्यावरचे ते तीन म्हातारे कॅमेरे. लेक पुण्याहून आला तेव्हा म्हणाला, “आई, भंगारात दे आता.” मीही देणार होते.

तेवढ्यात खेडहून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या. त्यांच्या घरातही पाणी शिरलं होतं, लग्नाचा अल्बम लगदा होऊन गेला होता. माहेरच्या कपाटात मात्र लग्नाची कॅसेट कोरडी राहिली होती. मे १९९६ चं लग्न, शूटिंग ह्यांनीच केलेलं. “वहिनी, एकदा लावून बघता येईल का?” एवढंच त्या म्हणाल्या.

लावायची कशावर? गावात कुणाकडे चालू व्हीसीआर नव्हता. आणि नवा येणार कुठून? हे यंत्र बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली गेलेली जपानची फुनाई, तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. पण हे कॉटवरून म्हणाले, “अगं, माळ्यावरचा कॅमेरा काढ. तो नुसतं शूटिंग करत नाही, कॅसेट दाखवतोसुद्धा.”

काढले. एकही धड चालेना.

एरवी ह्यांनी तासाभरात रोग सांगितला असता. आता हे सांगणार आणि मी स्क्रू फिरवणार. आयुष्यात मिक्सरचं झाकण सोडून मी काही उघडलं नव्हतं. पण बघा, आपण बायका शिलाई मशीनचा टाका जुळवतो, कुकरची शिट्टी उघडून साफ करतो. हातांना सवय असते, धीर तेवढा नसतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून बारीक स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगचं यंत्र आणि आयपीए नावाचं स्पिरिट आणलं. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. कागदासारख्या चपट्या वायरी ओढायच्या नाहीत, आधी त्यांची खिट्टी सोडवायची.

लक्ष्मीच्या पोटात कंडेन्सर पाझरले होते. हे नखाएवढे डबे म्हातारे झाले की त्यांतलं रसायन बाहेर येतं आणि पाटीवरच्या तांब्याच्या रेघा खातं. सोल्डरिंगचं टोक लावलं की त्याचा असा वास सुटतो की सासूबाई आतून ओरडल्या, “आज सुकट कुणी आणली?” लक्ष्मीच्या तर रेघाच खाऊन गेल्या होत्या, शिवाय कॅसेट ओढणारं चाक तडकलेलं. दुसरा कॅमेरा एका लग्नात स्टेजवरून पडलेला, भिंग फुटलेलं, पण त्याचा रबरी रोलर अजून मऊ होता. तिसऱ्याचे अकरा कंडेन्सर बदलले, दुसऱ्याचा रोलर बसवला आणि तो चक्क फिरू लागला! पण चित्राच्या जागी नुसता पाऊस.

“हेड गेलंय,” हे म्हणाले आणि गप्प झाले.

हेड म्हणजे कॅसेट वाचणारा डोळा. एक चकचकीत गोल डबा, त्यात केसाहून बारीक फट असलेली टोकं. घरच्या व्हीसीआरमध्ये तो मिनिटाला दीड हजार फेरे घेतो आणि टेपवरच्या तिरप्या रेघा वाचतो. तो झिजला की कॅसेट कितीही चांगली असो, दिसत काही नाही. चांगलं हेड आता फक्त लक्ष्मीत होतं. १९९९ मध्ये मुंबईहून नवीन बसवून आणलेलं, जेमतेम एक सीझन वापरलेलं.

काम तसं थोडं. दोन स्क्रू, चार-सहा डाग. पण एकदा हेड काढलं की लक्ष्मी कायमची संपली.

दोन दिवस आम्ही त्या विषयावर बोललोच नाही. ती दाराजवळच्या टेबलावर उघडी पडलेली, वर माझी जुनी ओढणी टाकलेली. मला माझ्या पाटल्या आठवत होत्या, ह्यांना काय आठवत होतं देव जाणे. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “नुसती शोभेला ठेवून काय करायचंय? काढ. मात्र हेडच्या तोंडाला बोट लावू नकोस.”

काढलं. हात इतका थरथरत होता की ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं. स्पिरिटमध्ये भिजवलेलं मऊ चामडं हेडला आडवं टेकवायचं आणि हेड हातानं हळू फिरवायचं. वर-खाली घासलं की टोक तुटलंच म्हणून समजा. मग कॅसेट घातली. आधी पाऊस, मग रेघा, मग रेघांमधून एक मांडव हलायला लागला.

खेडच्या बाईंना बोलावलं. अंतरपाट, अक्षता, सप्तपदी... त्या शांत बसून बघत होत्या. तासाभरानं कॅमेरा मांडवातून मागच्या अंगणात गेला. तिथे चुलीवर भात शिजत होता, बायका ओळीनं बसून भाजी चिरत होत्या. पदर खोचलेली एक बाई कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरून म्हणाली, “माझं काय काढताय? जा, तिकडे नवरीचं काढा!”

“आई,” त्या म्हणाल्या. मग हसल्या. “अशीच बोलायची. रागावल्यासारखी.” त्यांची आई २००९ मध्ये गेली. अल्बममध्ये तिचा एकच फोटो होता, तोही स्टेजवर, सगळ्यांच्या मागे. तेवढा तुकडा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मी लावला.

त्या रात्री मला झोप आली नाही. मैत्रिणींनो, तुमच्याही लक्षात आलंय का? तेव्हा फोटोचा रोल छत्तीस फोटोंचा. फोटोग्राफर जपून क्लिक करायचा, नवरा-नवरी, मानपान, पुढारी. मागच्या अंगणात राबणाऱ्या बाईवर फोटो कोण वाया घालवणार? पण व्हिडिओची कॅसेट तीन तासांची. ती भरायला कॅमेरा सगळीकडे फिरायचा. म्हणून त्या काळातल्या आपल्या आया, मावश्या, आत्या, पापड लाटणाऱ्या शेजारणी, चालता-बोलता सापडतात त्या याच कॅसेटींत. आणि आपण त्या कॅसेटी माळ्यावर ठेवून विसरलो.

तेव्हापासून मी हेच काम करते. कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र कॅप्चर कार्डमधून लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर घ्यायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, घाई चालत नाही. पलीकडे कुकर लावता येतो, हा त्यातला फायदा! तासाप्रमाणे पैसे घेते. मोठी कमाई नाही, पण ह्यांची औषधं त्यातून निघतात.

तुमच्याकडे कॅसेटी असतील तर एवढं करा. कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची खुंटी मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. भिंतीच्या ओलीपासून आणि स्पीकरपासून लांब. खिडकीतून बघा, टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी किंवा ओली कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, उन्हात तापवायचीही नाही, जाणत्याकडे न्या. कॉपी झाली की ती दोन ठिकाणी ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी. पुरानं आम्हाला तेवढं शिकवलंय. आणि वीज जोडलेली असताना कॅमेरा उघडू नका. नजर लावायच्या त्या छोट्या नळीत दोन-तीन हजार व्होल्ट तयार होतात.

उरलेल्या भागांचं काय? दुसऱ्या कॅमेऱ्याच्या नजरेच्या खिडकीतलं भिंग सासूबाईंनी घेतलं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख त्याच्यातून वाचतात. कॅमेऱ्याच्या कडक पेटीत माझी शिवणाची कात्री आणि रिळं मावली. खराब पाट्या आणि जुन्या शिशाच्या बॅटऱ्या मात्र मी वेगळ्या ठेवल्यात. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याकडे त्या जायला नकोत. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झालेत. नोंदणी असलेल्या केंद्रात त्या द्यायच्या आहेत.

आणि लक्ष्मी? तिची नजरेची खिडकी शाबूत होती. आत बोटाएवढा काळा-पांढरा टीव्हीच असतो. वीज, अर्थिंग आणि चित्र, अशा तीनच वायरी हव्यात. ह्यांनी सांगितल्या, मी जोडल्या. आता मी कॅसेट लावली की हे कॉटवर बसून ती खिडकी डाव्या हातानं डोळ्याला लावतात आणि तीस वर्षांपूर्वी स्वतःच टिपलेली लग्नं पुन्हा बघतात.

मधेच म्हणतात, “थांब, थांब. आता मी मागच्या अंगणात जाणार आहे.”

मी हातातलं काम ठेवते आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसते.