आयत्या बिळावरचा नागोबा

बालमित्रांनो, सर्दी-तापाचे विषाणू तुम्हाला माहीतच आहेत. झाडांनाही विषाणू आजारी पाडतात. पण या विषाणूच्याच जिवावर जगणारा कुणी असेल का? आहे! त्याचं नाव उपग्रह आरएनए.

तंबाखूच्या पानांवर गोल गोल कडी उठवणारा एक विषाणू आहे. त्याचा संदेश अकरा हजारांहून जास्त रासायनिक अक्षरांचा. त्याच्या सोबतीला राहणारा उपग्रह मात्र फक्त ३५९ अक्षरांचा! त्यात एकही प्रथिन बनवण्याची कृती नाही. मग स्वतःच्या प्रती काढायच्या कशा? यजमान विषाणूनं पेशीत नक्कल करणारी यंत्रणा उभारलेली असते. हा पठ्ठ्या तीच वापरतो. अगदी आयत्या बिळावर नागोबा!

त्याची युक्ती बघा. दिवाळीत रांगोळीचा रूळ फिरवला की तीच नक्षी पुन्हा पुन्हा उमटते ना? तसाच हा उपग्रह गोल कडं बनतो. यंत्रणा त्याच्याभोवती फिरत राहते आणि उलट नकलांची लांब पट्टी तयार होते. पट्टीचे तुकडे पडतात, एकेका तुकड्याची टोकं जुळून कडी बनतात. ती पुन्हा फिरली की मूळ संदेशाच्या प्रती मिळतात.

पण पट्टी कापतो कोण? कात्री कुठली? गंमत इथंच आहे. पट्टी स्वतःच स्वतःला कापते! कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९८६ साली हे दाखवून दिलं. त्या जागी आरएनएची घडी अशी पडते, की तिच्या आकृतीमुळे तिला 'हातोडी' म्हणतात. शेवटी या प्रती यजमान विषाणूच्याच कवचात शिरून नव्या झाडाकडे निघतात.

आता विचाराल, झाडाचं काय? इथं पाहुणा यंत्रणा अडवून बसल्यामुळे यजमानाच्या प्रती कमी निघतात आणि रोग सौम्य होतो. पण सगळेच उपग्रह असे नसतात, बरं का! १९७२ साली फ्रान्सच्या अल्सास भागात शेतकऱ्यांची टोमॅटोची झाडं करपून मेली. काकडीच्या मोझॅक विषाणूबरोबर आलेला एक उपग्रह त्यामागे होता, हे १९७७ साली कळलं.

एक झाडाला तारतो, दुसरा मारतो. म्हणून तर मुलांनो, आकारानं लहान म्हणून कुणाला कमी लेखू नये!