चित्रातून वस्तू वजा केली तर

गिरगावातल्या खोताच्या वाडीचं चित्र काढावंसं न वाटणारा कलाविद्यार्थी विरळा. जिना घराच्या आत नाही, बाहेर, आणि तोही लाकडी. कठड्यावर नक्षी, दारापुढे व्हरांडा, वर उतरती कौलं, वळणावर क्रूस. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरं बांधली, त्यातून ही वस्ती उभी राहिली. आता जुनी घरं मोजकीच उरली आहेत, त्यांची चित्रं मात्र उदंड आहेत. पण याच वाडीतल्या चाळीत, तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात वाढलेल्या एका चित्रकाराच्या गाजलेल्या चित्रांत ना जिना आहे, ना कौल, ना क्रूस. कुठलीच वस्तू नाही.

वासुदेव संतू गायतोंडे. घराणं गोव्याचं, जन्म १९२४ साली नागपूरला, वाढले गिरगावात. १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. चित्राचे मूलघटक कोणते हे समजून घ्यायचं असेल, तर गायतोंड्यांइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

बिंदू, रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश ही यादी कलाशाळेच्या पहिल्या वर्षीच पाठ होते. (समतोल, लय, प्रमाण हे घटक नव्हेत; घटकांची मांडणी कशी करायची, त्याची ती तत्त्वं.) पाठ होते, पण दिसत नाही, कारण चित्रात वस्तू असली की घटक तिच्यामागे लपतात. आपण म्हणतो, जिना छान जमलाय. त्या तिरप्या पट्ट्यांनी नजर वर नेली, असं कुणी म्हणत नाही. चित्रातून वस्तूच काढून घेतली की डोळ्याला घटकांकडे बघण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आधी रेषा. खरं तर वाडीतल्या कुठल्याच घराला रेषा नाही. उन्हातली भिंत संपते आणि सावलीतली सुरू होते, त्या सीमेवर आपण पेन्सिल फिरवतो. रेषा ही माणसाने बसवलेली गोष्ट आहे, म्हणूनच ती चित्रकाराचा हात लगेच उघडा पाडते. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राचंही म्हणणं असं, की आचार्य दाद देतात ती रेषेला आणि सर्वसामान्यांना भुरळ पडते ती रंगांच्या श्रीमंतीची. गायतोंड्यांची सुरुवात रेषेपासूनच झाली. भारतीय लघुचित्रांचा अभ्यास आधी, आणि मग चित्रकार पॉल क्लेचा. हा क्ले जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत शिकवत असे आणि १९२५ साली आलेल्या त्याच्या अध्यापनाच्या वहीची सुरुवातही रेषेनेच होते. पुढच्याच वर्षी त्याचा सहकारी कँडिन्स्की याने बिंदू, रेषा आणि प्रतल यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. मूलघटकांची आज आपण घोकतो ती यादी बरीचशी याच घरची.

रंगाबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच होतो. रंगाच्या तीन बाजू असतात. एक त्याचं नाव: तांबडा, हिरवा. दुसरी तीव्रता: नवा ऑइलपेंट आणि चार पावसाळे खाल्लेला तोच ऑइलपेंट. तिसरी उजळ-गडदपणा, म्हणजे छटा. चित्र उभं राहतं ते बहुतेक वेळा या तिसरीवर. वाडीतल्या एखाद्या तांबड्या भिंतीचा आणि तिच्यावरच्या हिरव्या खिडकीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा. दोघांची छटा सारखी असली तर खिडकी भिंतीत विरघळून जाते. चित्रकार मधूनच डोळे किलकिले करून बघतात तेही याचसाठी, रंगाचा गलबला कमी होऊन छटा दिसावी म्हणून. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर बऱ्याचदा एकच रंग प्रमुख असतो. तरी चित्र सपाट का वाटत नाही? कारण सगळी घडामोड छटांमध्ये चाललेली असते.

आणि पोतामध्ये. पोत दोन प्रकारचा, हाताला लागणारा आणि फक्त डोळ्याला भासणारा. रंगाचे पोपडे उडालेला जुना कठडा हाताला लागतो. त्याचं गुळगुळीत कागदावरचं जलरंगातलं चित्र डोळ्याला खडबडीत भासतं. गायतोंडे या दोहोंच्या मध्ये काम करत. साठच्या दशकात त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाइफ हाती घेतली. एक थर द्यायचा, तो काही ठिकाणी खरवडायचा, वर दुसरा पातळ थर, मग रंग लावलेले कागदाचे तुकडे दाबून उचलायचे. खालचा थर वरच्यातून डोकावतो आणि उजेड आतून येतोय असं वाटतं. यात योगायोग किती आणि ठरवलेलं किती, यावर वाद घालता येईल. माझं मत, ठरवलेलंच जास्त. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणारा, कॅनव्हासपुढे तासन्‌तास नुसता बसणारा माणूस योगायोगावर विसंबत नाही.

अवकाश समजायला मात्र वाडीतच उभं राहावं. गल्ल्या इतक्या अरुंद, की वर बघितलं तर दोन छपरांमधलं आकाश ही रिकामी जागा राहत नाही, तो एक कातरलेला निळा आकार होतो. वस्तूभोवतीची जागाही वस्तूइतकीच घडवावी लागते, हे शिकवायला मास्तरांना वर्ष लागतं. गायतोंड्यांचं अवकाश याहून वेगळं. तिथे मागचं-पुढचं ठरतच नाही. आकार तरंगतोय की बुडतोय, कळत नाही.

वाडीच्या भिंतींचे रंगच त्यांच्या कॅनव्हासवर उतरले, असं लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. गिरगावचं ऋण शोधायचंच असेल, तर जवळच्या खेतवाडीत निरूपण करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडे बघावं; त्यांच्या विचारांचा आणि झेनचा परिणाम गायतोंड्यांवर होता. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना मान्य नसे. अमूर्त म्हणजे कशाचं तरी सार काढणं, आणि यांच्याकडे मुळात ते ‘कशाचं’च नव्हतं.

१९८४ मध्ये दिल्लीत त्यांना मोठा अपघात झाला. भला थोरला कॅनव्हास पेलवेना, तेव्हा काही वर्षं त्यांनी कागदावर काळ्या शाईने रेखाटनं केली. रंग गेला, थर गेले, रोलर गेला. उरली रेषा आणि भोवतीचा कोरा कागद. कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं वाटावीत अशा त्या खुणा आहेत. पुढे प्रकृती सुधारल्यावर ते पुन्हा तैलरंगांकडे वळले.