एकांत: पेठेतला आणि मंडालेतला

सदाशिव पेठेत एकांतावर बोलावयाचे म्हणजे मंडईत उभे राहून मौनाचे गुण सांगण्यासारखे आहे. ज्यांनी वाड्यातले दिवस पाहिले, त्यांना हे समजावून सांगायला नको. दोन खणांत सहा-सात माणसे, चौकात सर्वांत मिळून एक नळ, आणि एका बिऱ्हाडातली कुजबूज दुसऱ्यात पोहोचायला भिंतीची मुळीच अडचण नाही. एखादा मुलगा जिन्याखाली घटकाभर गप्प बसला, की "एकलकोंडा निघाला हो!" असा निकाल माजघरातून लागे. पुढे वाडे बहुतेक पडले, इमारती उठल्या, लावून घेता येईल असे दार ज्याला-त्याला मिळाले. तरीही एकांत मिळाला असे आम्हांस वाटत नाही.

कारण एकटे असणे निराळे आणि एकांतात असणे निराळे. चारचौघांत असताना आपले बोलणे त्यांना कसे वाटेल, इकडे माणसाचे अर्धे लक्ष असते. भीती वाटली तर तो तिला दूरदर्शीपणा म्हणतो. हेवा वाटला तर न्यायबुद्धी म्हणतो. ऐकणारा कोणी नसला, म्हणजे ही सोयीची नावे फार वेळ टिकत नाहीत. म्हणूनच एकांत सुखाचा नसतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमोथी विल्सन व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात माणसांना पंधरा मिनिटे खोलीत नुसते विचार करीत बसविले आणि हवा तर विजेचा झटका घेण्याची सोय ठेवली. हा झटका टाळण्यासाठी पदरचे पैसे देऊ, असे त्यांनी आधी सांगितले होते. तरी १८ पुरुषांपैकी १२ आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो आपल्या हाताने घेतला! तेव्हा आपण घडोघडी मोबाइल का काढतो, याचे नवल करण्याचे कारण नाही.

एकांत म्हटला की संसाराकडे पाठ, ही समजूत मात्र आम्हांस मान्य नाही. भंडाऱ्याच्या डोंगराचा दाखला सगळेच देतात. तुकाराम महाराज तेथून उतरून देहूत कीर्तनाला उभे राहत, हे सांगायचे राहून जाते. त्याहून जवळचा दाखला आपल्या शेजारच्या नारायण पेठेतला आहे. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गायकवाड वाड्यातला हा माणूस ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात जाऊन पडला. तो एकांत लादलेला होता, त्याचे गोडवे कोणी गाऊ नयेत. १९१२ साली सत्यभामाबाई गेल्या, ती वार्ता त्यांना तेथेच ऐकावी लागली. पण ज्ञानी पुरुषाने कर्म सोडावे की करीत राहावे, हा प्रश्न त्यांच्या मनात वर्षानुवर्षे होता आणि 'केसरी'च्या धबडग्यात त्याला सलग बैठक मिळत नव्हती. ती १९१०-११ च्या हिवाळ्यात मिळाली. 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून झाले. त्यात उत्तर निघाले ते कर्म करण्याचे! १९१४ च्या जूनमध्ये सुटून आल्यावर ते पुन्हा माणसांच्या गर्दीतच गेले. त्यांचा प्रश्न आयुष्य कसे घालवावे हा होता. तो तुम्हां-आम्हांलाही पडतो, आकार तेवढा लहान असतो.

आज पेठेत गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. लाकडी आडोशांत मुले दहा-दहा तास एकटी बसतात. आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारा एक विद्यार्थी तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा आम्ही त्याला सहज विचारले, "अधिकारी व्हायचे तुझ्या मनात आहे, की वडिलांच्या?" तो म्हणाला, "काका, विचार करायला वेळच झाला नाही." चार वर्षे एकटा बसून! वडिलांनी शेतावर कर्ज काढले होते, त्यामुळे हा प्रश्न उघडून पाहण्याचीच त्याला धास्ती होती. आम्ही उपदेश केला नाही. फक्त आमच्या गच्चीची किल्ली दिली, आणि मोबाइल व पुस्तक खाली ठेवून जा, इतकेच म्हटले. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटांत परत आला. आठवड्याभराने अंधार पडेपर्यंत बसू लागला. महिन्याने किल्ली परत करताना म्हणाला, "रविवारी गावी जाऊन येतो. बाबांशी बोलायचे आहे."

काय बोलायचे, ते आम्ही विचारले नाही.