संवर्धित वास्तवाचा चष्मा : प्रकाशाचा जमाखर्च

संवर्धित वास्तवाच्या चष्म्यासाठी प्रकाशीय घटक निवडणे म्हणजे प्रकाशाचा जमाखर्च मांडणे होय. साध्या अर्धपारदर्शक आरशाची रचना स्वस्त असते. परंतु तीत प्रकाश एकदा परावर्तित होतो व एकदा आरपार जातो. दोन्ही वेळा निम्मा गमावल्याने जास्तीत जास्त २५ टक्केच डोळ्यापर्यंत पोहोचतो. २०१६ साली विकसकांना उपलब्ध झालेल्या होलोलेन्समध्ये पातळ काचेतून पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश नेणारे तरंगमार्गदर्शक होते. त्यामुळे भिंग सडपातळ राहते, मात्र बहुतांश प्रकाश वाटेतच हरवतो. मग सूक्ष्म-एलईडीसारखा अतितेजस्वी, महागडा पडदा लागतो. शस्त्रक्रियागृहात पुरेसे ठरणारे तेज भर उन्हातील बांधकामावर फिके पडते, हे खरेदीदार अनेकदा विसरतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ७६,००० कोटी रुपयांच्या कार्यक्रमात अर्धसंवाहकांसोबत डिस्प्ले निर्मितीचाही समावेश आहे.