काचेतले भूत

मंडळी, रात्री एस.टी.तून जाताना खिडकीच्या काचेकडे कधी नीट पाहिले आहे का? आत दिवा लागलेला, बाहेर मिट्ट काळोख. काचेत आपलाच चेहरा दिसतो. पण तो काचेवर नसून बाहेर, बांधावरून आपल्याबरोबर धावतो आहे असे वाटते. कंडक्टरने दिवा मालवला की चेहरा गडप! एवढे ध्यानात घेतलेत, तर एका जगप्रसिद्ध भूतबंगल्याचे गुपित तुमच्या हाती आलेच म्हणून समजा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम येथे डिस्नेलँड ही करमणुकीची विस्तीर्ण बाग आहे. तेथला ‘हाँटेड मॅन्शन’ म्हणजे झपाटलेला वाडा ९ ऑगस्ट १९६९ रोजी खुला झाला. लहानशा गाडीत बसून माणसे दालनांमागून दालने पाहत जातात. एके ठिकाणी सज्जातून खाली भव्य दिवाणखाना दिसतो. तेथे भुतांची मेजवानी चाललेली असते. भुते नाचतात, विरतात, पुन्हा प्रकटतात आणि त्यांच्या अंगातून पलीकडच्या खुर्च्याही दिसतात!

हे घडते कसे? सज्जा आणि दिवाणखाना यांच्यामध्ये प्रचंड, स्वच्छ काच उभी आहे. यंत्राने हलणाऱ्या खऱ्या बाहुल्या सज्जाच्या वर आणि खाली, आपल्या नजरेआड असतात. त्यांच्यावर उजेड पडला की त्यांचे प्रतिबिंब काचेत उमटते. बाहुली काचेच्या जितकी अलीकडे, तितकेच प्रतिबिंब पलीकडे दिसते, म्हणजे नेमके दिवाणखान्यात. खुर्च्यांवरचा उजेडही काचेतून येतच असतो, म्हणून भूत पारदर्शक भासते. आरशाप्रमाणे येथेही डाव्याचे उजवे होते. त्यामुळे जोडीच्या नाचात पुरुषाऐवजी बाईच पुढाकार घेताना दिसते!

याच वाड्यात काचेच्या गोळ्यात एका बाईचे नुसते मुंडके बोलते. तेथे मात्र प्रतिबिंब नव्हे. कोऱ्या, पांढऱ्या मुखवट्यावर नटीच्या बोलत्या चेहऱ्याचा चित्रपट पाडण्याची ती युक्ती.

काचेची युक्ती मात्र जुनी. हेन्री डर्क्स या इंग्रज इंजिनिअराची ती कल्पना. जॉन हेन्री पेपर या विज्ञानाच्या व्याख्यात्याने तिच्यात सुधारणा केली आणि १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत ती रंगमंचावर दाखवली. म्हणून तिला आजही ‘पेपरचे भूत’ म्हणतात.

गुरुजींनो, हे भूत तुमच्या वर्गातही येईल. टेबलावर खिडकीची साधी काच उभी धरा. अलीकडे पेटती मेणबत्ती ठेवा, पलीकडे बरोबर तितक्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला. खोलीत अंधार करा, मेणबत्तीपुढे पुस्तकाचा आडोसा करा आणि मुलांना थोडे बाजूने पाहू द्या. मेणबत्ती पाण्यात जळताना दिसेल!

येथे थांबू नका. मेणबत्ती मागेपुढे सरकवा, अंतरे मुलांनाच मोजू द्या. शेवटी आडोसा काढून सारे उघडे करून दाखवा. डिस्नेलँडात लोक पैसे देऊन, हौसेने फसतात. त्यात कोणाचे काही जात नाही. पण उद्या गावात कोणी अंधारात ‘साक्षात्कार’ दाखवून दक्षिणा मागू लागला, तर तुमचाच एखादा विद्यार्थी उठून विचारील, “महाराज, दिवा कुठे ठेवलाय? आणि काच?”